सरासरी मनुष्य आणि न्याय्य मोजमाप

बाजारात धान्य मोजून घेणाऱ्या मनुष्याची दृष्टी धान्यापेक्षा मापावर अधिक खिळलेली असते. मापाच्या तळाला पोचा आहे काय, तराजूची दांडी मोकळी असताना समतोल राहते काय, हे तो प्रथम पाहतो. कारण खोटे माप म्हणजे उघड अन्याय, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकात आपल्या देशात मुंबईचा मण सुमारे २८ पौंडांचा, तर बंगालचा मण ८२ पौंडांहून अधिक भरत असे. नाव एक, परंतु वजने अनेक, असा हा प्रकार होता. १९५६ साली भारतीय संसदेने वजनमापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा संमत केला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम, लिटर व मीटर ही मापे देशभर प्रचारात आली. गिऱ्हाईक कोणीही असो, श्रीमंत असो वा दरिद्री, किलोग्रॅम सर्वांना एकच असे ठरले. न्यायाची ही पहिली पायरी होय.

परंतु ती शेवटची पायरी आहे काय? धान्याच्या बाबतीत हा प्रश्न फारसा उद्भवत नाही, कारण तांदूळ कोणाच्या घरी जावयाचा आहे याची तराजूला पर्वा नसते. मोजावयाची वस्तू मात्र जेव्हा स्वतः मनुष्यच असते, त्याचे शरीर, त्याचे आरोग्य किंवा त्याचे ज्ञान मोजावयाचे असते, तेव्हा प्रश्न अवघड होतो. जे माप सर्वांना एकसारखे लावले जाते, ते सर्वांना सारखेच अचूक लागू पडते काय? आणि पडत नसेल, तर चुकीचा भार कोणाच्या वाट्याला येतो? या पुस्तिकेत याच प्रश्नाचा विचार केला असून, विज्ञानाच्या इतिहासातील चार उदाहरणांच्या आधारे समानता, न्याय्यता आणि समावेश या तीन कल्पनांचा अर्थ स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

एका ताऱ्याची सरासरी व माणसांची सरासरी

सरासरी काढण्याची रीत शास्त्रज्ञांच्या हाती प्रथम आकाशाच्या निरीक्षणातून आली. एकाच ताऱ्याचे स्थान दहा वेळा मोजले, तर दहा किंचित भिन्न आकडे मिळतात. हात हलतो, हवा थरथरते, दुर्बीण अणुमात्र सरकते. या सर्व आकड्यांची सरासरी काढली असता लहानमोठ्या चुका परस्परांना छेदतात आणि ताऱ्याच्या खऱ्या स्थानाच्या अधिक जवळ पोहोचता येते.

बेल्जियममधील खगोलशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ आडोल्फ केटले याने हीच रीत मनुष्यसमाजास लावली. १८३५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याने ‘सरासरी मनुष्य’ ही कल्पना मांडली. अनेक माणसांची उंची, वजन इत्यादींची मोजणी करून जो मध्यममूर्ती पुरुष सिद्ध होतो तो जणू निसर्गाला अभिप्रेत असलेला मनुष्य होय, आणि प्रत्यक्ष माणसे ही त्याच्यापासून कमीअधिक ढळलेली आहेत, असा या कल्पनेचा रोख होता.

येथे एक सूक्ष्म घोटाळा आहे, आणि पुढील सारे विवेचन त्याच्याशी निगडित आहे. तारा एकच असतो. त्याच्या मोजणीतील फरक म्हणजे खरोखरीच चुका असतात. माणसे मात्र अनेक असतात. एक मनुष्य पाच फूट उंच आणि दुसरा सहा फूट उंच असला, तर त्यांपैकी कोणाचीही उंची ही निसर्गाची चूक नव्हे. ताऱ्याच्या बाबतीत सरासरी आपणास सत्याकडे नेते. माणसांच्या बाबतीत ती पुष्कळदा अस्तित्वातच नसलेल्या एका व्यक्तीकडे नेते.

याचा अर्थ सरासरी निरुपयोगी आहे, असा मात्र नव्हे. एका तालुक्याला वर्षभर किती धान्य लागेल, एखाद्या नगराला दररोज किती पाणी पुरवावे लागेल, हे सरासरीवाचून ठरविता येणार नाही. समूहाविषयीच्या प्रश्नाला सरासरी उत्तम उत्तर देते. व्यक्तीविषयीच्या प्रश्नाला तिने उत्तर द्यावे, अशी अपेक्षा केली की फसगत होते.

चार हजार वैमानिकांतील शून्य

या फसगतीचा एक बोलका पुरावा १९५० साली अमेरिकेच्या वायुदलात मिळाला. लढाऊ विमानाच्या चालककक्षातील आसन, पायाने दाबावयाची साधने, हाताने ओढावयाच्या दांड्या या सर्वांची अंतरे त्या काळापर्यंत वैमानिकांच्या सरासरी मापांवरून निश्चित केलेली असत. विमानांचा वेग वाढला, नियंत्रणे गुंतागुंतीची झाली आणि क्षणभराचा विलंबही जीवघेणा ठरू लागला. तेव्हा वैमानिकांची नव्याने मोजणी करण्याचे ठरले.

गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने ४,०६३ वैमानिकांच्या मापांचा अभ्यास केला. उंची, छातीचा घेर, बाहूची लांबी अशी दहा महत्त्वाची मापे त्याने निवडली. प्रत्येक मापात सरासरीच्या आसपासच्या मधल्या तीस टक्के माणसांना त्याने ‘सरासरी’ मानले. म्हणजे ही कसोटी मुळीच कडक नव्हती. दहाही मापांत सरासरी ठरणारे वैमानिक पुष्कळ निघतील, असे सर्वांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तसा एकही निघाला नाही. केवळ तीन मापे घेतली, तरी तिन्हींत सरासरी असणारे वैमानिक साडेतीन टक्क्यांहून कमी भरले.

हा निष्कर्ष प्रथमदर्शनी विलक्षण वाटला, तरी शाळेतील गणिताने तो समजण्याजोगा आहे. एका मापात सरासरी असण्याची शक्यता शेकडा ३० आहे. तिन्ही मापे परस्परांपासून पूर्णपणे स्वतंत्र आहेत असे धरले, तर तिन्हींत सरासरी असण्याची शक्यता ०.३ × ०.३ × ०.३ म्हणजे ०.०२७, अर्थात् हजारांत २७ एवढीच उरते. दहा मापांच्या बाबतीत ती दहा लाखांत सुमारे सहापर्यंत खाली येते. शरीराची मापे परस्परांपासून अगदीच स्वतंत्र नसतात. उंच मनुष्याचे हातही बहुधा लांब असतात. तथापि गुणाकाराचा हा परिणाम इतका प्रबळ आहे की, चार हजारांतून एकही सर्वांगीण सरासरी मनुष्य न मिळणे हेच स्वाभाविक ठरते.

सरासरी वैमानिकासाठी बांधलेला कक्ष याप्रमाणे कोणाहीसाठी बांधलेला नव्हता. यावर वायुदलाने जो मार्ग स्वीकारला, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. आसनाला बसेल असा वैमानिक शोधण्याऐवजी वैमानिकाला बसेल असे आसन हवे, असे ठरले. मागेपुढे सरकणारी आसने, लांबी कमीजास्त करता येणारे पट्टे, जागा बदलता येणारी पायनियंत्रणे अशा योजना झाल्या. आज साध्या मोटारगाडीतही चालकाचे आसन मागेपुढे सरकते. ती सोय म्हणजे कोणाही एकावर केलेली कृपा नव्हे. मनुष्यामनुष्यांत भेद असतो, या वस्तुस्थितीचा तो स्वीकार आहे.

मोटारीतील पुतळा

मोटारगाडीच्या सुरक्षिततेची परीक्षा घेण्यासाठी ती मुद्दाम भिंतीवर आदळवितात आणि तिच्यात माणसाऐवजी एक पुतळा बसवितात. या पुतळ्याच्या डोक्यात, छातीत व मांड्यांत आघात मोजणारी उपकरणे असतात. १९७६ साली तयार झालेला एक पुतळा पुढे जगभर प्रमाण मानला गेला. त्याची उंची सुमारे १७५ सेंटिमीटर आणि वजन सुमारे ७८ किलोग्रॅम, म्हणजे मध्यम बांध्याच्या अमेरिकन पुरुषाइतके होते. पट्टा खांद्यावरून कोठे यावा, डोक्यामागील आधार किती कठीण असावा, हवेची पिशवी किती वेगाने फुगावी, हे मुख्यतः या पुतळ्याला होणाऱ्या इजेवरून ठरत गेले. पुढे स्त्रीचा म्हणून जो पुतळा आला, तो सुमारे १५२ सेंटिमीटर उंचीचा, अत्यंत लहान चणीच्या स्त्रीचा होता. आणि त्याची रचना बव्हंशी पुरुषाच्याच पुतळ्याचे आकारमान कमी करून केलेली होती.

स्त्री म्हणजे लहान आकाराचा पुरुष नव्हे. मानेच्या स्नायूंची शक्ती, ओटीपोटाच्या हाडांची रचना, आसनावर बसण्याची ढब व स्टिअरिंगपासूनचे अंतर यांत फरक असतो. अमेरिकेतील १९९८ ते २००८ या काळातील अपघातांच्या नोंदी तपासून २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अपघाताचे स्वरूप तुल्यबळ असताना, पट्टा बांधलेल्या स्त्री-चालकास गंभीर इजा होण्याची संभाव्यता पट्टा बांधलेल्या पुरुष-चालकापेक्षा ४७ टक्क्यांनी अधिक आहे, असे त्यात आढळले. मध्यम बांध्याच्या स्त्रीच्या शरीररचनेवर आधारलेला आणि बसण्याच्या स्थितीत परीक्षणासाठी वापरता येणारा पुतळा स्वीडनमधील संशोधकांनी लोकांपुढे मांडला, तो २०२२ साली.

येथे कोणा अभियंत्याच्या मनात स्त्रियांविषयी द्वेष होता, असे समजण्याचे कारण नाही. एकच परीक्षा, एकच पुतळा, सर्व गाड्यांना सारखा नियम. वरवर पाहता समानतेत काहीच न्यून नव्हते. न्यून होते ते ‘सर्वांसाठी’ या शब्दाचा अर्थ लावण्यात.

बोटावरील दिवा

तिसरे उदाहरण अनेक वाचकांच्या घरातले आहे. २०२० व २०२१ या महामारीच्या वर्षांत बोटाला चिमट्यासारखे लावावयाचे एक छोटे उपकरण घरोघरी आणि गावोगावच्या आरोग्यसेविकांच्या पिशवीत दिसू लागले. ते म्हणजे ऑक्सिमीटर होय. या उपकरणामागील मूळ कल्पना जपानी अभियंता ताकुओ आओयागी याने १९७४ साली मांडली.

त्याचे कार्य असे चालते. रक्तातील हिमोग्लोबिन हे द्रव्य ऑक्सिजन वाहून नेते. ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश थोडा शोषते आणि अवरक्त प्रकाश अधिक शोषते. ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिनचे वर्तन याच्या उलट असते. उपकरणातील एक दिवा सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश आणि दुसरा सुमारे ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बोटातून आरपार पाठवितो. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोटातील रक्त वाढते व ओसरते, त्याप्रमाणे पलीकडे पोहोचणारा प्रकाशही कमीजास्त होतो. दोन्ही प्रकाशांतील या चढउताराचे गुणोत्तर काढून उपकरण ऑक्सिजनचे शेकडा प्रमाण दाखविते.

परंतु कोणते गुणोत्तर म्हणजे किती टक्के, हे उपकरणाला कोणी सांगितले? निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्यांच्या धमनीतील रक्त प्रत्यक्ष तपासून आणि त्या आकड्यांशी गुणोत्तरांचा मेळ घालून ही सारणी तयार केलेली असते. प्रकाशाला मार्गात केवळ रक्तच भेटत नाही. त्वचाही भेटते, आणि त्वचेतील कृष्णरंजक द्रव्यही प्रकाश शोषते. साहजिकच, सारणी ज्यांच्या बोटांवरून तयार झाली त्यांच्यात गडद वर्णाची माणसे थोडी असतील, तर गडद त्वचेच्या माणसाबाबत तिचा अंदाज चुकण्याचा संभव राहतो.

तसे घडतही होते. १९९० साली आणि पुन्हा २००५ साली संशोधकांनी दाखविले होते की, ऑक्सिजन कमी असताना हे उपकरण गडद वर्णाच्या माणसांबाबत खऱ्याहून अधिक आकडा दाखविण्याकडे झुकते. तथापि या इशाऱ्यांकडे पुरेसे लक्ष गेले नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी रुग्णालयांतील नोंदी प्रसिद्ध केल्या. उपकरण ९२ ते ९६ या दरम्यानचा आश्वासक आकडा दाखवीत असताना धमनीतील रक्तात प्रत्यक्ष ८८ टक्क्यांहून कमी ऑक्सिजन असण्याचे प्रमाण गौरवर्णीय रुग्णांत ३.६ टक्के होते. कृष्णवर्णीय रुग्णांत ते ११.७ टक्के, म्हणजे तिपटीहून अधिक होते.

या आकड्यांचा अर्थ प्रत्यक्ष व्यवहारात काय होतो? भारतात २०२१ मध्ये शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ९० ते ९३ टक्के ऑक्सिजन असणारा रुग्ण मध्यम स्वरूपाचा मानून त्याला रुग्णालयात दाखल करावयाचे, आणि त्याहून अधिक आकडा असून श्वासाचा त्रास नसल्यास त्याला घरीच ठेवावयाचे, असा सर्वसाधारण दंडक होता. समजा, एखाद्या रुग्णाच्या रक्तात ऑक्सिजन ९१ टक्के आहे आणि उपकरणाने तो ९४ दाखविला. खाट त्याला मिळणार नाही, आणि ती का मिळाली नाही, हे त्याला वा त्याच्या आप्तांना कधीच कळणार नाही. नियम काटेकोरपणे पाळला गेला असेल, कोणीही पक्षपात केलेला नसेल. तरीही अन्याय घडलेला असेल. आपल्या देशात एकाच कुटुंबातही त्वचेच्या अनेक छटा आढळतात. अशा देशात हा प्रश्न परक्यांचा म्हणून बाजूला सारता येत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे २०१३ पासूनचे मार्गदर्शन असे होते की, अशा उपकरणाची परीक्षा किमान दहा माणसांवर घ्यावी आणि त्यांत किमान दोघे गडद वर्णाचे असावेत. जानेवारी २०२५ मध्ये त्या संस्थेने नव्या मार्गदर्शनाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात परीक्षणासाठी १५० वा अधिक माणसे घ्यावीत आणि त्यांत त्वचेच्या सर्व छटांचा समावेश असावा, असे सुचविले आहे.

उलट दिशेची चूक

येथवरच्या उदाहरणांवरून कोणास असे वाटेल की, सर्वांना एक माप लावणे हाच दोष आहे आणि प्रत्येक गटाला वेगळे माप लावले की न्याय साधतो. चौथे उदाहरण या समजुतीला छेद देते.

मूत्रपिंडे किती काम करीत आहेत, हे रक्तातील क्रिएटिनिन या द्रव्याच्या प्रमाणावरून एका सूत्राने अनुमानतात. क्रिएटिनिन स्नायूंतून निर्माण होते. अमेरिकेत १९९९ नंतर प्रचारात आलेल्या सूत्रांत, रुग्ण कृष्णवर्णीय असल्यास येणाऱ्या उत्तराला एका गुणकाने गुणावे, असा नियम होता. कृष्णवर्णीयांचे स्नायू सरासरीने अधिक भरीव असतात, अशी त्याची उपपत्ती दिली जात असे. २००९ च्या सूत्रात हा गुणक १.१५९ होता, म्हणजे उत्तर सुमारे १६ टक्क्यांनी वाढत असे.

आता दोन रुग्णांची कल्पना करावी. दोघांचे वय एक, दोघेही पुरुष, रक्तातील क्रिएटिनिनही तितकेच. सूत्राने एकाचे कार्यमान १८ ठरविले. दुसरा कृष्णवर्णीय असल्यामुळे त्याचे उत्तर १८ × १.१५९, म्हणजे जवळजवळ २०.९ आले. अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रोपणासाठी प्रतीक्षाकाळ मोजणे सुरू होण्याची मर्यादा २० होती. पहिल्याचा क्रम लागला; दुसरा कागदोपत्री अधिक निरोगी ठरून बाहेर थांबला. ही सरासरी कृष्णवर्णीय समूहाची होती. परंतु तिचा परिणाम अशा एका व्यक्तीला भोगावा लागला, जिचे स्नायू कोणी मोजलेच नव्हते. सरासरी मनुष्याची जुनी भूल येथे नव्या वेषात परत आली, इतकेच.

२०२१ साली तज्ज्ञांच्या समितीच्या शिफारशीनुसार वर्णाचा गुणक नसलेले नवे सूत्र स्वीकारले गेले. एवढ्यावरच न थांबता, जानेवारी २०२३ पासून जुन्या सूत्रामुळे ज्या कृष्णवर्णीय रुग्णांचा प्रतीक्षाकाळ हिरावला गेला होता, त्यांना तो हिशेबाने परत देण्याचा नियम अमेरिकेत लागू झाला. चूक यापुढे न करणे ही एक गोष्ट, आणि झालेल्या चुकीची भरपाई करणे ही दुसरी गोष्ट. न्यायात या दोहोंचाही अंतर्भाव होतो.

तीन शब्दांचे अर्थ

चारही उदाहरणे एकत्र ठेवली असता तीन कल्पना स्पष्ट होतात.

समानता म्हणजे सर्वांना एकच नियम लावणे. ही अत्यावश्यक आहे. तिच्यावाचून बलवानाचा मण वेगळा आणि दुर्बलाचा मण वेगळा, अशी स्थिती होईल.

न्याय्यता म्हणजे नियमाचा परिणाम तपासून पाहणे. नियमाचा लाभ सर्वांपर्यंत पोहोचतो काय, आणि त्याच्या चुकांचा भार ठराविक लोकांवरच पडतो काय, असे ती विचारते. प्रत्येक मोजमापात चूक ही असणारच. ती सर्वत्र विखुरलेली असेल तर ते मोजमापाचे अपुरेपण होय. ती नेहमी एकाच दाराशी जाऊन थांबत असेल, तर तो अन्याय होय. कधी त्यावर उपाय म्हणून वेगळी व्यवस्था करावी लागते, तर कधी, मूत्रपिंडाच्या सूत्राप्रमाणे, आधी केलेला भेद काढून टाकावा लागतो. कोणता उपाय योग्य, हे घोषणेने ठरत नाही, तपासणीने ठरते.

समावेश म्हणजे ज्यांच्यासाठी व्यवस्था करावयाची त्यांना ती ठरण्यापूर्वीच तिच्यात स्थान असणे. पुतळा घडविताना स्त्रियांची शरीरे, सारणी तयार करताना गडद वर्णाची बोटे परीक्षणात असती, तर पुढील कित्येक वर्षांची हानी टळली असती. आणि केवळ परीक्षणात असणेही पुरेसे नाही. ऑक्सिमीटरविषयीचा इशारा १९९० मध्येच मिळाला होता, पण तो ऐकला गेला नाही. ज्याचे म्हणणे मनावर घेतले जाते, त्याचाच खरा समावेश झाला असे म्हणता येते.

भारतीय संविधानातही या विचाराची मांडणी दिसते. चौदाव्या अनुच्छेदात कायद्यापुढील समानता आहे. पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. आणि त्याच अनुच्छेदात स्त्रिया व बालके यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याची मुभाही आहे. सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागासलेले वर्ग, अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांच्यासाठी विशेष तरतुदीची मुभा देणारे कलम १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने त्यात जोडले गेले. प्रथमदर्शनी हा विसंवाद वाटेल. परंतु चालककक्षातील आसनाचे उदाहरण स्मरले, तर उलगडा होतो: आसन सरकते ठेवल्याने विमान चालविण्याची कसोटी बदलत नाही, ती कसोटी देण्याची संधी तेवढी सर्वांना मिळते.

कसोटी कोणती आणि अडथळा कोणता?

न्याय्यतेवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, तिच्यामुळे दर्जा खालावतो. या आक्षेपाचा विचार गांभीर्याने केला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारावा लागतो: अमुक परीक्षेत मोजावयाचे काय आहे, आणि तिच्यात नकळत आणखी काय मोजले जात आहे?

इतिहासाच्या परीक्षेत इतिहासाचे ज्ञान मोजावयाचे असते. हाताने लिहिण्याचा वेग मोजावयाचा नसतो. अंध विद्यार्थ्याला लेखनिक दिला, किंवा २०१३ पासूनच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार दर तासामागे किमान २० मिनिटांचा भरपाई वेळ दिला, तर तीन तासांच्या परीक्षेला चार तास मिळतात. पण प्रश्नपत्रिका तीच राहते आणि उत्तर चूक असल्यास गुण कापलेच जातात. नाहीशी होते ती केवळ अनावश्यक मोजणी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ केले आणि परिस्थितीनुरूप वाजवी सोय करणे हे कर्तव्य ठरविले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, हाताला पेटका येऊन लिहिता न येणाऱ्या एका परीक्षार्थीला लेखनिक मिळण्याचा हक्क मान्य केला. त्याचे दिव्यांगत्व कायद्यातील ४० टक्क्यांच्या प्रमाणात बसत नाही, एवढ्यावरून त्याची सोय नाकारता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

जेथे कौशल्य हीच कसोटी असते, तेथे मात्र ती शिथिल करणे योग्य नव्हे. शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात स्थिर असलाच पाहिजे. न्याय्यता म्हणजे कसोटी सोडून देणे नव्हे. कसोटीला चिकटलेले अडथळे सोलून काढून तिला शुद्ध करणे होय.

शाळा व ग्रंथालये यांच्यासाठी काही प्रयोग

हा विषय केवळ मोठ्या प्रयोगशाळांचा आहे असे नाही. कोणत्याही शाळेत वा ग्रंथालयात, एक मोजपट्टी आणि एक वही एवढ्या साधनांवर त्याचा अभ्यास करता येतो.

पहिला प्रयोग बाकांचा. वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याची, गुडघ्याच्या मागील लवणीपासून टाचेपर्यंतची उंची मोजावी, आणि बाकाची जमिनीपासूनची उंचीही मोजावी. किती जणांचे पाय लोंबकळतात आणि किती जणांचे गुडघे वर येतात, याची संख्या काढावी. नंतर वर्गाची सरासरी काढून, तिच्या एक सेंटिमीटर अलीकडेपलीकडे किती जण बसतात, ते पाहावे. डॅनियल्सचा निष्कर्ष आपल्याच वर्गात कितपत खरा ठरतो, हे त्यावरून कळेल.

दुसरा प्रयोग उतरणीचा. चाकाच्या खुर्चीसाठी उतरण १ : १२ या प्रमाणाहून अधिक तीव्र नसावी, असा संकेत आहे. इमारतीच्या दाराशी प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असल्यास चढण ४५ सेंटिमीटर होते; म्हणजे उतरणीला ४५ × १२ = ५४० सेंटिमीटर, अर्थात् ५.४ मीटर लांबी लागते. तीच उतरण दीड मीटरमध्ये उरकली, तर तिचे प्रमाण साधारण १ : ३ एवढे तीव्र होईल. अशी उतरण कागदावर सोय म्हणून दाखविता येईल. प्रत्यक्षात तिच्यावरून खुर्ची स्वतः चढविणे कोणासही शक्य होणार नाही. चांगल्या उतरणीचा उपयोग मात्र केवळ एकालाच होत नाही. वृद्ध वाचक, मूल कडेवर घेतलेली माता, पुस्तकांचे खोके ओढणारा शिपाई, या सर्वांचे श्रम तिने वाचतात.

तिसरा प्रयोग वेळेचा. ग्रंथालय सकाळी अकरा ते सायंकाळी पाच उघडे राहते आणि ‘सर्वांना प्रवेश मोफत’ अशी पाटी दाराशी असते, असे समजावे. नियम सर्वांना सारखा आहे. तथापि आठवडाभराची नोंदवही उघडून, त्यात गिरणीत वा शेतात राबणाऱ्यांची, घरकामात गुंतलेल्या स्त्रियांची आणि नोकरदारांची नावे किती आहेत ते मोजावे. जी नावे नोंदवहीत नाहीत, त्यांच्याकडे पाहण्याची सवय लागणे, हा या प्रयोगाचा खरा लाभ होय. कारण जे आत आलेले आहेत त्यांना विचारून, जे बाहेर राहिले त्यांची अडचण कळत नाही.

उपसंहार

धान्याच्या मापाला पोचा आहे काय, हे पाहणारा ग्राहक कोणावर संशय घेत नसतो. तो केवळ आपला हक्क बजावीत असतो. वजनमापांची वेळोवेळी तपासणी करून त्यांवर मुद्रा उठविणारा निरीक्षकही दुकानदाराचा शत्रू नव्हे. माप वापरून झिजते, म्हणून ते पुन्हा पुन्हा तपासावे लागते, एवढेच.

संस्थांचे नियम, परीक्षा, सूत्रे आणि उपकरणे ही माणसांना लावण्याची मापेच होत. तीही झिजतात, आणि कित्येकदा मुळातच थोड्यांच्या अंगावर बेतलेली असतात. ती तयार करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, एवढ्याने त्यांची तपासणी टळत नाही. बोटावरील दिव्याचा आकडा ज्याच्याबाबत चुकला, त्याच्यापुरते उपकरण खोटेच ठरले. इतर शंभरांना ते खरे होते याचे समाधान त्याला देता येत नाही. म्हणून माप हाती घेणाऱ्या प्रत्येकाने, शिक्षकाने, वैद्याने, ग्रंथपालाने वा अधिकाऱ्याने, अधूनमधून ते उलटे करून त्याचा तळ पाहिला पाहिजे.